दोरीबाहेरचे दिवस

जून लागला की आमच्या डोंबिवलीच्या घरातलं एक लोखंडी कपाट रात्रंदिवस उजेडात असायचं. खालच्या कप्प्यात झिरोचा बल्ब जळत असे आणि वरच्या जाळीच्या फळीवर दोन कॅमेरे, तीन लेन्स आणि एक जुना फ्लॅश मांडून ठेवलेले असत. पावसाळ्यात मुंबईच्या हवेला इतका दमटपणा असतो की लेन्सच्या काचांच्या आत बुरशी धरते. आधी एक पांढरा ठिपका, मग कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू. अंधारात बॅटरीचा झोत काचेतून आरपार टाकला की ते दिसतात. दिसले की लेन्स उघडून साफ करावी लागते, आणि बुरशीने काचेवरचा लेप खाल्ला असेल तर ती काच पुन्हा पहिल्यासारखी होत नाही. पावसात लाइट गेली की घरातल्या इतरांना पंखा आठवायचा, आईला कपाट आठवायचं. ‘अरे, तुझा दिवा गेला,’ ती आतून सांगायची.

तो दिवा कांगा लीगसाठी होता. १९४८ पासून मुंबईत ऐन पावसाळ्यात खेळली जाणारी ही क्रिकेट स्पर्धा. आझाद मैदान, क्रॉस मैदान, शिवाजी पार्क. ओली खेळपट्टी, गुडघाभर गवत आणि चेंडू कुठे उडेल याचा नेम नाही. मुंबईच्या फलंदाजांची तंत्रं याच चिखलात तावून निघाली असं सगळेच लिहितात, आणि ते खरं आहे. पण त्या चिखलात उभं राहून फोटो काढायचा तर छत्री धरायला तिसरा हात नसतो. कॅमेऱ्यावर दुधाच्या पिशवीसारखी जाड प्लास्टिकची पिशवी, तिला लेन्सपुरतं भोक, वरून रबर बँड. खांद्यावर पंचा, तो अर्ध्या तासात पिळण्याइतका ओला. दिवसभराच्या या खटाटोपातून दुसऱ्या दिवशी एक कॉलमाचा फोटो छापून यायचा, तोही जागा उरली तर.

या प्रस्तावनेची सुरुवात मी मुद्दाम त्या कपाटापासून केली. ‘स्पोर्ट्स फोटोग्राफर’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे येतो तो भरलेला वानखेडे, हिरवळ, गळ्यातला पास आणि हाताच्या अंतरावर उभा असलेला मोठा खेळाडू. तीस-बत्तीस वर्षांच्या नोकरीत आणि नंतरच्या फुटकळ कामांत असे क्षण माझ्याही वाट्याला आले. पण ते सगळे एकत्र केले तर त्यांचा एक आठवडा तरी भरेल की नाही, शंका आहे. उरलेली वर्षं वाट पाहण्यात, ओझं वाहण्यात, नावं लिहून घेण्यात आणि चुकलेल्या क्षणाचं वाईट वाटून घेण्यात गेली. हे पुस्तक त्या उरलेल्या वर्षांचं आहे. या धंद्यात येऊ पाहणाऱ्या मुलामुलींनी आधी हे वाचावं आणि मगच कर्ज काढावं, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

कर्जाचा विषय निघालाच आहे तर तो आधी संपवतो. क्रिकेटच्या मैदानावर कामाची म्हणावी अशी लेन्स म्हणजे ४०० मिलिमीटरची, २.८ छिद्राची. आम्ही तिला नुसतं ‘चारशे’ म्हणतो. आज नवी घ्यायची तर दहा लाख रुपयांच्या वर जाते. म्हणजे कॅमेऱ्याच्या आधीच एका छोट्या गाडीचे पैसे. वर्तमानपत्रात नोकरीला असलेल्याला ती कचेरी देते, तीही तिघांत एक. स्वतंत्रपणे काम करणारा ती भाड्याने आणतो, आणि त्या दिवसाच्या मानधनातला मोठा वाटा भाड्यातच जातो. म्हणून आमच्यातले कितीतरी जण लग्नाचे फोटो काढतात. तुळशीचं लग्न लागलं की माणसांचे मुहूर्त सुरू होतात आणि त्याच सुमाराला रणजीचा मोसमही सुरू झालेला असतो. सकाळी बीकेसीच्या मैदानावर पहिल्या सत्रातला स्विंग टिपायचा आणि संध्याकाळी ठाण्याच्या हॉलमध्ये सप्तपदी. यात कमीपणा काहीच नाही. लग्नाच्या फोटोंनी कितीजणांची चारशे फेडली आहे, हे मला ठाऊक आहे.

किमतीनंतर वजन. कॅननची १९९९ सालची चारशे ५.३७ किलोंची होती. २०१८ मध्ये आलेली २.८४ किलोंची आहे. मधल्या वीस वर्षांत लेन्स निम्मी हलकी झाली, पण तोवर आमच्या पिढीच्या कमरेचे मणके व्हायचे ते होऊन गेले होते. चारशे, दोन कॅमेरे, मधल्या पल्ल्याची एक लेन्स, मोनोपॉड, लॅपटॉप, चार्जर, पाण्याची बाटली आणि डबा, असं चौदा-पंधरा किलोंचं ओझं घेऊन मी डोंबिवलीहून गाडीला चढायचो. सकाळच्या लोकलमध्ये ती पेटी खाली ठेवायला जागा नसते आणि वर रॅकवर ठेवण्याची हिंमत होत नाही. लहान मूल घ्यावं तशी ती पोटाशी धरून दीड तास उभं राहायचं, आणि मग चर्चगेटला पोचल्यावर ‘कामाचा दिवस’ सुरू व्हायचा.

कसोटी सामन्याच्या दिवसात ९० षटकं टाकायची असतात. म्हणजे ५४० चेंडू. बाउंड्रीच्या दोरीबाहेर, जाहिरातींच्या फळ्यांमागे एका बुटक्या स्टुलावर बसलेला फोटोग्राफर त्या प्रत्येक चेंडूला डोळा लावतो. गोलंदाज धावू लागला की श्वास धरायचा, चेंडू पडला की बटण दाबायचं, फलंदाजाने सोडून दिला की श्वास सोडायचा. हे ५४० वेळा. त्यातल्या पाचशेहून अधिक चेंडूंवर दुसऱ्या दिवशी छापण्यासारखं काही घडत नाही. पण कोणत्या चेंडूवर घडणार हे आधी कळत नाही, म्हणून एकही सोडता येत नाही. ज्याने पाणी प्यायला मान वळवली, नेमका त्याच चेंडूवर यष्टी उडते. हे इतक्या वेळा झालंय की आता मी त्याला योगायोग म्हणत नाही.

नातेवाईक म्हणायचे, ‘तुमचं बरं आहे, फुकटात मॅच बघायला मिळते.’ मी मॅच पाहिलेलीच नाही, हे त्यांना पटवणं अवघड जायचं. चारशेतून पाहिलं की मैदान नाहीसं होतं. एक फलंदाज, त्याची हेल्मेटची जाळी, मागे धूसर झालेला यष्टिरक्षक. क्षेत्ररक्षण कसं लावलंय, धावसंख्या किती, सामना कुठल्या बाजूला झुकलाय, यातलं काही त्या चौकटीत मावत नाही. संध्याकाळी घरी आल्यावर वडील विचारायचे, ‘आज कसा खेळला?’ आणि मला त्यांनाच विचारावं लागायचं, ‘शेवटी किती झाल्या?’

या कामात सगळ्यांत मोठा निर्णय सकाळीच घेऊन झालेला असतो: कुठे बसायचं. एकदा खेळ सुरू झाला की उठून दुसरीकडे जाता येत नाही. साइटस्क्रीनजवळ कुणी हललं तर फलंदाज हात वर करतो आणि पंच खेळ थांबवतात. म्हणून नाणेफेकीआधी डोकं चालवायचं. गोलंदाज कुठल्या टोकाकडून टाकणार, फलंदाज डावखुरा की उजवा, दुपारी ऊन कुठून येणार, शतक झालं तर तो बॅट कुणीकडे उंचावणार. ड्रेसिंग रूमकडे, हे बहुतेक ठरलेलं. पण ती बाजू घेतली तर ऊन तोंडावर येतं.

या निर्णयाबद्दल सांगताना मी नवीन मुलांना नेहमी एक फोटो दाखवतो. २५ मे १९६५, अमेरिकेतल्या मेन राज्यातलं लुइस्टन. खाली पडलेला सनी लिस्टन आणि त्याच्यावर उभा राहून दंड आवळून ओरडणारा मुहम्मद अली. बावीस वर्षांच्या नील लायफरने टिपलेला हा रंगीत फोटो जगातल्या सर्वांत प्रसिद्ध क्रीडा छायाचित्रांपैकी एक आहे. सगळे अलीकडे पाहतात. मी मुलांना अलीच्या दोन पायांच्या मधून पलीकडे पाहायला सांगतो. तिथे दोरांमागे एक टक्कल पडलेला फोटोग्राफर दिसतो. तो हर्ब शार्फमन, लायफरच्याच ‘स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड’ साप्ताहिकाचा, त्याच्याहून वयाने आणि अनुभवाने मोठा. लायफरइतकाच तयार, लायफरइतकाच सावध. त्याच्यासमोर अलीची पाठ होती. दोघांमध्ये फरक फक्त रिंगणाच्या कुठल्या बाजूला बसले होते, एवढाच. त्या रात्री दोघांनीही आपलं काम चोख केलं होतं. आमच्या धंद्यातला न्याय असा आहे, आणि तो ज्याला सोसवेल त्यानेच यात यावं.

माझ्या वाट्याला शार्फमनची जागा अनेकदा आली, पण त्यातली एक सांगितलीच पाहिजे. २ एप्रिल २०११ च्या रात्री महेंद्रसिंग धोनीने षटकार मारून भारताला २८ वर्षांनी विश्वचषक जिंकून दिला, तेव्हा मी वानखेडेवर नव्हतो. पास मोजके होते आणि ते दुसऱ्या सहकाऱ्यांना मिळाले. मी मरीन ड्राइव्हवर होतो, गर्दीचे फोटो काढायला. षटकार मी ऐकला. स्टेडियमच्या दिशेने एक आवाज उठला, तो ओसरायच्या आत रस्त्यावरच्या माणसांनी उचलला आणि समुद्राच्या कठड्यापर्यंत आणून सोडला. मग फटाके, झेंडे, गाड्यांच्या टपावर चढलेली पोरं. कठड्यावर एकटा बसून रडणाऱ्या एका म्हाताऱ्या गृहस्थांचा फोटो मी त्या रात्री काढला. तो छापला गेला नाही. पहिल्या पानावर धोनीची बॅट होती आणि तीच असायला हवी होती. त्या गृहस्थांचा फोटो या पुस्तकात प्रथमच छापला जातो आहे.

रोलच्या जमान्याबद्दल मी थोडक्यात लिहिणार होतो, पण आजच्या मुलांना तो इतका अनोळखी झाला आहे की जरा थांबावं लागेल. एका रोलमध्ये ३६ फोटो. कॅमेरा सेकंदाला पाच-सहा फोटो घेणारा असला तरी बोट आवरावं लागे, कारण तिसावा फोटो ओलांडला की मनात हिशेब सुरू व्हायचा: आता बदलू, की हे षटक संपू दे? रोल बदलताना विकेट पडली नाही असा फोटोग्राफर मला भेटलेला नाही. १४ डिसेंबर १९६० रोजी ब्रिस्बेनला ऑस्ट्रेलिया आणि वेस्ट इंडिजमधला कसोटी इतिहासातला पहिला टाय झाला, तेव्हा ‘द एज’च्या रॉन लव्हिटकडे एकच प्लेट शिल्लक होती. जो सॉलोमनच्या फेकीने यष्टी पडली, इयन मेकिफ धावबाद झाला आणि लव्हिटने ती एक प्लेट त्याच क्षणाला खर्च केली. हा फोटो मी जेव्हा जेव्हा पाहतो, तेव्हा मला त्याने त्याच्या आधीच्या चेंडूंवर न काढलेले फोटो दिसतात.

आमच्याकडे उपाहाराच्या वेळी कचेरीचा शिपाई मोटरसायकलवर यायचा आणि रोल घेऊन जायचा. संध्याकाळी प्रकाश कमी झाला की ४०० वेगाची फिल्म १६०० समजून वापरायची आणि डार्करूममध्ये जास्त वेळ धुवायची. याला ‘पुश करणं’ म्हणत. दाणे रव्यासारखे दिसायचे, पण फोटो मिळायचा. बाहेरगावी असलो तर हॉटेलची न्हाणीघरं हीच आमची डार्करूम. दाराखालच्या फटीत टॉवेल कोंबायचा, खिडकीला काळा कागद, बादलीतल्या पाण्याचं तापमान हाताच्या अंदाजाने. निगेटिव्ह वाळवायला केस वाळवायचं यंत्र. मग ओल्या वासाचा प्रिंट पिंपासारख्या फिरणाऱ्या यंत्रावर गुंडाळून टेलिफोनच्या तारेवरून पाठवायचा. एका काळ्या-पांढऱ्या फोटोला आठ-दहा मिनिटं. रंगीत असला तर तोच फोटो तीन वेळा, एकेका रंगासाठी. मधेच लाइन तुटली तर पहिल्यापासून. नागपूरला एकदा चार वेळा पहिल्यापासून केलं, आणि पाचव्यांदा लाइन लागली तोवर डाक आवृत्ती सुटली होती.

आता फोटो मैदानातूनच जातो, काही ठिकाणी कॅमेऱ्यातून तारेने थेट दुसऱ्या शहरातल्या डेस्कवर. काम सोपं झालं असं बाहेरच्यांना वाटतं. प्रत्यक्षात पूर्वी रोल गेला की निदान तो हातातून सुटायचा. आता चेंडू टाकून झाला की लॅपटॉप, दोन फोटो निवडा, कापा, ओळ लिहा, पाठवा, आणि मान वर करा तोवर पुढची विकेट गेलेली. उन्हात पडदा दिसत नाही म्हणून डोक्यावरून टॉवेल घेऊन लॅपटॉपवर वाकलेली माणसं तुम्हाला टीव्हीवर कधीतरी ओझरती दिसली असतील. ती आमचीच. २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत महिलांच्या विश्वचषकाचा अंतिम सामना पावसामुळे दोन तास उशिरा सुरू झाला आणि हरमनप्रीत कौरने शेवटचा झेल घेतला तेव्हा मध्यरात्र होत आली होती. मी घरी टीव्हीसमोर होतो. सगळं घर टाळ्या वाजवत होतं आणि माझ्या मनात दोरीबाहेरच्या मुलांचा हिशेब चालू होता: दुपारपासून ओल्या गवतावर बसलेत, आता पुढचे दोन तास आनंदाचे फोटो, मग पाठवणं, आणि मग नेरूळहून परत जायला गाडी कुठली.

त्या दोरीबाहेरच्या जागेवर कुणी बसायचं, यावरूनही भांडणं झाली आहेत. २००८ मध्ये आयपीएल सुरू होताना फोटोंच्या वापराच्या अटींवरून वृत्तसंस्थांनी सुरुवातीला बहिष्कार घातला होता. २०१२ च्या इंग्लंडच्या भारत दौऱ्यात भारतीय क्रिकेट मंडळाने काही परदेशी छायाचित्र-संस्थांना मैदानात प्रवेश नाकारला, तेव्हा मोठ्या वृत्तसंस्थांनी निषेध म्हणून फोटो पाठवणं थांबवलं. त्याच दौऱ्यात वानखेडेवर केविन पीटरसनने १८६ धावा केल्या आणि माँटी पनेसरने ११ बळी घेतले. इंग्लंडच्या भारतातल्या इतक्या मोठ्या विजयाचे फोटो त्यांच्याच देशातल्या कित्येक वाचकांना धड मिळाले नाहीत. मंडळाची बाजू काहीही असो, खेळाचं यात नुकसान झालं असं माझं मत आहे.

पण क्रिकेटपाशीच थांबलो तर या पुस्तकाशी अप्रामाणिकपणा होईल. आपल्या राज्यातला फोटोग्राफर जास्त शिकतो तो कबड्डीच्या आणि कुस्तीच्या मैदानात. प्रभादेवी, लालबागच्या रात्रीच्या कबड्डी स्पर्धा आठवा. मेटल हॅलाइडचे चार दिवे, त्यांतला एक लुकलुकणारा, आणि चढाई ३० सेकंदांची. आपल्याकडचा वीजप्रवाह ५० हर्ट्झचा, म्हणून असे दिवे सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होतात. डोळ्याला कळत नाही, पण सेकंदाच्या हजाराव्या भागात उघडमीट करणाऱ्या कॅमेऱ्याला कळतं. एक फोटो पिवळा, दुसरा काळा, तिसरा ठीक. नेमकी पकड त्या काळ्यात सापडायची. फ्लॅश मारला तर पंच ओरडणार, आणि त्यांचं बरोबरच असतं. चढाई करणाऱ्याच्या डोळ्यांत उजेड गेला तर त्याचा पाय रेषेबाहेर जाईल.

कोल्हापूरचं खासबाग मैदान शाहू महाराजांनी १९१२ मध्ये बांधलं. खाली आखाडा, चहूबाजूंनी चढत गेलेली बैठक. प्रेक्षकाला कुठूनही कुस्ती दिसावी अशी ती रचना. फोटोग्राफरला मात्र आखाड्याच्या कडेला बसावं लागतं, आणि तिथे वीस मिनिटं दोन पाठी, चार पाय आणि उडणारी लाल माती याशिवाय काही दिसत नाही. डाव लागतो तो एका क्षणात. तेवढ्यात पंच मधे येतो, किंवा जिंकलेल्या मल्लाचे पाठीराखे आखाड्यात उड्या टाकतात. पहिल्या वेळी माझ्याकडे चितपटीचा एकही फोटो नव्हता. होते ते फेट्यांचे. तिथल्या एका वस्तादांनी मला सांगितलं, ‘पैलवानाच्या तोंडाकडं बघू नका, कमरेकडं बघा. डाव तिथनं सुटतो.’ छायाचित्रणाच्या कुठल्याही पुस्तकात मला याहून मोलाची ओळ सापडली नाही. त्या मातीचे कण लेन्सच्या रिंगमध्ये महिनाभर करकरत होते.

मैदानांवर स्वच्छतागृह नसणं, हीसुद्धा या धंद्यातली एक वस्तुस्थिती आहे आणि ती लिहायला मला संकोच वाटत नाही. माझ्याबरोबर काम करणारी एक तरुण मुलगी आझाद मैदानावरच्या शालेय सामन्यांना सकाळपासून पाण्याचा घोटही घेत नसे. ऑक्टोबरच्या उन्हात. तिने हे काम सोडलं तेव्हा सगळ्यांना वाटलं, तिला ते जमलं नाही. तिच्या हातात आमच्या कुणापेक्षाही चांगला अंदाज होता.

आणि सगळं जमवूनही, जिथे घडतं तिथे आपण नसतो. ४ जानेवारी २०१६ ला कल्याणच्या मैदानावर प्रणव धनावडे नावाचा शाळकरी मुलगा दिवसअखेर ६५२ धावांवर नाबाद होता. माझ्या घरापासून दोन स्टेशनांवर. मी त्या दिवशी मुंबईत एका पत्रकार परिषदेत, टेबलामागे बसलेल्या पाच माणसांचे फोटो काढत होतो. दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे कल्याणला धावलो आणि तो १००९ वर नाबाद राहिल्याचा फोटो आमच्याकडे आहे. पहिल्या दिवसाचे ६५२ मी टिपले नाहीत, पाहिलेही नाहीत.

आता नावांबद्दल. फोटोखालची ओळ हा आमच्या कामातला सगळ्यांत कंटाळवाणा भाग, आणि माझी सर्वांत मोठी चूक त्याच ओळीत झाली. नव्वदच्या दशकातली गोष्ट. उपनगरातल्या एका मैदानावर मुलींची कबड्डी स्पर्धा होती. एका मुलीने तिघींच्या पकडीतून उसळी मारून मधली रेषा गाठली, तो फोटो छान आला. जर्सीवरचा नंबर मातीने भरला होता. मी गुणलेखकाच्या टेबलाशी उभ्या असलेल्या एका पोराला नाव विचारलं, त्याने सांगितलं, मी लिहिलं. फोटो चांगल्या चार कॉलमांत छापून आला. तिसऱ्या दिवशी एक गृहस्थ कचेरीत आले. बंद पडलेल्या गिरणीतले कामगार. प्लास्टिकच्या पिशवीत जपून आणलेलं कात्रण त्यांनी माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाले, ‘साहेब, फोटो माझ्या मुलीचा आहे. नाव दुसरीचं आहे.’

आवाजात राग नव्हता. आम्ही दुसऱ्या दिवशी दोन ओळींची दुरुस्ती छापली, पण दोन ओळी कुणी भिंतीवर लावत नाही. मी त्यांना फोटोचा मोठा प्रिंट करून दिला आणि मागे तिचं नाव लिहिलं. पुढे लग्न झाल्यावर तिचा खेळ सुटला असं कळलं. वर्तमानपत्रात तिचा आलेला तो एकच फोटो होता. त्या दिवसापासून मी एक वही ठेवली. खेळाडूलाच विचारायचं, त्याच्याच हाताने लिहून घ्यायचं, मग रोलचा नंबर. यात वीस मिनिटं जायची, कधी शेवटची लोकल जायची, पण पुन्हा तसं झालं नाही.

खेळाडूच्या नावाइतकीच फोटो काढणाऱ्याच्या नावाची हेळसांड होते. नोकरीत असताना वर्तमानपत्रासाठी काढलेला फोटो छापण्याचा हक्क कायद्याने मालकाचा असतो, हे मान्य. स्वतंत्र काम करणाऱ्याने स्वतःहून काढलेल्या फोटोचा हक्क मात्र त्याचा स्वतःचा असतो, आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर छायाचित्रालाही इतर कलाकृतींप्रमाणे कर्त्याच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं संरक्षण आहे. तरीही मोबाइलवर फिरताना पहिलं काय गळतं, तर ते कोपऱ्यातलं नाव. नाव छापायला शाईचा एक थेंब लागतो. तेवढा तरी खर्च करावा, असं माझं संपादकांना सांगणं आहे.

शेवटी या पुस्तकातल्या फोटोंविषयी. २६ जुलै २००५ च्या पावसात आमच्या तळमजल्याच्या घरात कमरेइतकं पाणी शिरलं. मी कचेरीत अडकलो होतो. चालत घरी पोचलो तो दुसऱ्या दिवशी रात्री. ज्या कपाटातल्या दिव्याने इतकी वर्षं बुरशी लांब ठेवली, त्याच्या खालच्या कप्प्यात निगेटिव्हचे डबे होते. पट्ट्या एकमेकींना चिकटल्या होत्या. आईने त्या बादलीत सोडवून, साडीच्या दोरीवर चिमटे लावून वाळत घातल्या, आणि तिच्यामुळे बऱ्याचशा वाचल्या. वही वाचली नाही. खेळाडूंनी शाईच्या पेनाने लिहिलेली नावं धुऊन गेली होती.

या पुस्तकात १३८ छायाचित्रं आहेत. त्यांतल्या बहुतेक नावांची मी जुनी वर्तमानपत्रं चाळून, प्रशिक्षकांना आणि तालमींना विचारून खात्री करून घेतली आहे. अकरा फोटोंखाली मात्र जागा कोरी आहे. त्यांत खो-खोच्या खांबाला वळसा घालणारी एक मुलगी आहे, कांगा लीगमध्ये चिखलात पडून झेल घेतलेला एक तरुण आहे, खासबागेत हरल्यावर माती कपाळाला लावणारा एक मल्ल आहे. यांपैकी कुणी तुमच्या ओळखीचं असेल, घरातलं असेल, किंवा तुम्ही स्वतः असाल, तर पुस्तकाच्या प्रकाशकांना पत्राने कळवा. पुढच्या आवृत्तीत ती नावं छापली जातील.